जेम्स औट्रम: धरणगावपासून लखनौपर्यंतची एक कारकीर्द

गिरणाकाठ (धागालेखक)

चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या ज्या घाटात मालमोटारींच्या रांगा लागल्या की वर्तमानपत्रांत बातमी येई, त्याला आजही सर्रास औट्रम घाट म्हटले जाते. हे नाव ज्याचे, तो सर जेम्स औट्रम इतिहासाच्या पुस्तकांत मुख्यतः १८५७ च्या लखनौच्या वेढ्यात भेटतो. माझे मत असे आहे की लखनौचा औट्रम हा या कारकिर्दीचा सर्वांत गाजलेला, पण सर्वांत कमी बोलका भाग आहे. त्याला ओळखायचे असेल तर खानदेश, सावंतवाडी आणि बडोदे येथे पाहावे लागते. राज्य कसे चालवावे यावरून तो आयुष्यभर वरिष्ठांशी भांडला. ते राज्य मुळात कोणत्या हक्काने आले, हा प्रश्न मात्र त्याने कंपनीच्या बाबतीत क्वचितच शेवटापर्यंत नेला. जिथे नेला तिथेही काम सोडले नाही. हा धागा त्यावर चर्चा व्हावी म्हणून काढत आहे.

जन्म २९ जानेवारी १८०३, इंग्लंडमधील डर्बीशायर. वडील बेंजामिन औट्रम हे बटर्ली येथील लोखंडाच्या कारखान्याचे एक संस्थापक आणि नामांकित अभियंते होते. ते १८०५ मध्ये वारले आणि कुटुंब अडचणीत आले. आई मुलांना घेऊन आपल्या माहेरच्या मुलखात, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे राहिली आणि तिथेच मुलाचे शिक्षण झाले. १८१९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून मुंबईस आला. थोड्याच काळात २३ व्या देशी पायदळ पलटणीचा ॲडज्युटंट झाला. १८२४ अखेरच्या कित्तूरच्या मोहिमेत तो होता आणि १८२५ मध्ये बागलाणात मुल्हेरच्या बाजूला झालेले बंड त्याने लहानशा तुकडीनिशी अचानक छापा घालून मोडले. इथपर्यंत त्याच्यात आणि त्याच्यासारख्या इतर तरुण अधिकाऱ्यांत फारसा फरक नाही.

खानदेशात जे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सातमाळा आणि सातपुडा या दोन्ही डोंगररांगांतील भिल्लांकडे गावांची जागल आणि घाटवाटांची राखण होती, व त्याबद्दल त्यांचे ठरलेले हक्क होते. होळकर-पेशवे यांच्या लढाया, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ यांत गावे ओस पडली; गावच नाही तर हक्क कोण देणार? भिल्ल लुटीकडे वळले आणि पेशवाईच्या अंमलदारांनी त्यावर जो उपाय केला तो कत्तलीचा होता. कोपरगावला भिल्लांना वचन देऊन बोलावून मारल्याची घटना त्याच काळातली. १८१८ मध्ये मुलूख कंपनीकडे आला तेव्हा जॉन ब्रिग्ज याने एका हाताने फौज आणि दुसऱ्या हाताने पेन्शन असे धोरण ठेवले. परंतु डोंगरात फौज तापाने आजारी पडे आणि पेन्शन सगळ्यांपर्यंत पोचत नसे. अखेर १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी भिल्ल एजन्सी स्थापल्या व एका एजन्टावर भिल्लांचीच पलटण उभी करण्याचे काम सोपवले. तो एजन्ट म्हणजे बावीस वर्षांचा लेफ्टनंट औट्रम, आणि पलटणीचे ठाणे धरणगाव.

त्याने सुरुवात भरतीने केली नाही, हल्ल्याने केली. थोडे शिपाई घेऊन रात्री डोंगरातील एका टोळीवर छापा घातला. पकडलेल्यांपैकी काहींना सोडून त्यांच्याच हस्ते निरोप पाठवले आणि मग स्वतः एकटा त्यांच्या वस्त्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर शिकारीला जाणे, रात्री पहाऱ्यावर त्यांनाच ठेवून निर्धास्त झोपणे, हे त्याचे भरतीचे साधन होते. वाघाच्या शिकारीत त्याच्या बेडरपणाच्या हकिकती खानदेशभर पसरल्या. तरीही संशय लगेच गेला नाही. सर्वांना एका ओळीत उभे करून गुलामांसारखे साखळीत बांधणार, गोऱ्यांच्या देशात रक्ताला औषध म्हणून मोठी मागणी आहे, अशा अफवा उठल्या आणि आलेले लोक पळून गेले. कोपरगावचा अनुभव असलेल्या समाजाला असे वाटावे, यात वेडगळ काही नव्हते.

या पलटणीच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग लढाईचा नाही. मालेगावला भिल्ल शिपाई प्रथम नियमित फौजेच्या छावणीत गेले, तेव्हा औट्रमच्या जुन्या २३ व्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनीही त्यांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर उभे करत, त्यांना बरोबरीचा विडा मिळाला. कवायत शिकवणारे शेकडो अधिकारी कंपनीकडे होते. हे घडवून आणणारे फार नव्हते.

पण याच पलटणीला त्याने कोणाविरुद्ध नेले? १८३० मध्ये डांगच्या राजांवर, १८३३ मध्ये बडवाणीच्या बाजूला, आणि मधल्या काळात यावल-सावद्याकडच्या दरोडेखोरांवर. डांगची मोहीम हे भिल्लांकरवी भिल्लांचा मुलूख कह्यात आणण्याचे उघड उदाहरण आहे. धरणगावात मिळालेल्या विड्याची किंमत डांगात वसूल झाली, असे म्हटले तर कोणाला कठोर वाटेल, पण मला ते खरे वाटते.

पुढे महिकांठा एजन्सी आणि पहिले अफगाण युद्ध यांवर मी फार लिहिणार नाही. बलुचिस्तानातील कलात पडल्यावर अफगाणी वेशात घोड्यावरून सोनमियानी बंदर गाठल्याची त्याची हकिकत शौर्यकथा म्हणून उत्तम आहे, पण तिने वरच्या प्रश्नावर काही उजेड पडत नाही.

सिंधने मात्र पडतो. तिथे तो पोलिटिकल एजन्ट असताना सर चार्ल्स नेपियर सेनापती म्हणून आला. याच नेपियरने नोव्हेंबर १८४२ मध्ये सक्कर येथील निरोपाच्या मेजवानीत त्याला 'हिंदुस्थानचा बेयार्ड' म्हटले. बेयार्ड हा निर्भय आणि निष्कलंक म्हणून ख्यात असलेला फ्रेंच सरदार. चारच महिन्यांत दोघांचे कायमचे फाटले. खैरपूरचे वृद्ध मीर रुस्तम यांना गादीवरून दूर करण्याची रीत आणि अमीरांवर, म्हणजे सिंधच्या राज्यकर्त्यांवर, लादलेल्या तहाच्या अटी औट्रमला अन्यायाच्या वाटल्या आणि त्याने तसे लेखी कळवले. तरीही त्याच अटींवर अमीरांच्या सह्या घेण्यासाठी सिंधमधील हैदराबादला तोच गेला. १५ फेब्रुवारी १८४३ रोजी बलुचींनी रेसिडेन्सीवर, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला केला, तेव्हा मूठभर शिपायांनिशी काही तास ती लढवून तो नदीतील आगबोटीवर निघून आला. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध गेला. लुटीतला सुमारे ३००० पौंडांचा आपला वाटा त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय संस्थांना दिला.

यानंतरचे सावंतवाडी, बडोदे आणि अवध हे तीन भाग प्रतिसादांत उलगडतील अशी आशा आहे. त्यांतील प्रत्येकाबद्दल आपल्यापैकी कोणाला ना कोणाला माझ्यापेक्षा अधिक माहिती असणार.

---

सातमाळा

उत्तम धागा. एक स्थानिक बाब जोडतो. खानदेशात ज्या एजन्सी झाल्या, त्यांपैकी कन्नडची औट्रमकडे नव्हती, ती चार्ल्स ओव्हान्सकडे होती. ओव्हान्सचे काम भिल्लांना जमीन, बैल आणि बियाण्यासाठी तगाई देऊन शेतीवर बसवण्याचे होते. म्हणजे ज्या घाटमाथ्यावर ओव्हान्स राबला, तिथल्या घाटाला नाव औट्रमचे. नांगर देणाऱ्यापेक्षा बंदूक देणारा लोकांच्या आणि सरकारच्या अधिक लक्षात राहतो, हे यातून दिसते.

शिवाय ओव्हान्सच्या नावाला पुढे जो डाग लागला, त्याचाही यात भाग असेल. तो १८३७ पासून साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले, त्या कारस्थानात गोळा केलेले संशयास्पद पुरावे बहुतांशी त्याच्याच कचेरीतून गेले होते. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे ज्यांच्याविरुद्ध दाद मागत राहिले, त्यांत ओव्हान्स होता.

---

गडकरी_आजरा

सातमाळा, ओव्हान्सची गोष्ट इथेच संपत नाही. १८४४ मध्ये दौऱ्यावर असताना कोल्हापूरच्या बंडवाल्यांनी त्याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले होते. खानदेशातल्या जुन्या सोबत्यांपैकी एक पन्हाळ्यावर कैदी आणि दुसरा त्याच बंडाचा बीमोड करायला आलेला, असा हा योग आहे. पुढे ओव्हान्सची सुटका झाली आणि १८४५ मध्ये साताऱ्याची रेसिडेन्सी औट्रमकडेच आली.

आता धागालेखकांनी सोडलेल्या भागाविषयी. कोल्हापूरच्या राज्यात छत्रपती अल्पवयीन असल्याने कारभार कंपनीने नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. किल्ल्यांवरील गडकरी हे पिढीजात शिबंदीचे लोक. त्यांना चाकरीबद्दल किल्ल्याखालच्या जमिनी इनाम होत्या आणि त्या जमिनींचा व्यवहार ते स्वतः पाहत. नव्या कारभाराने या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात घेण्याचे ठरवले. गडकऱ्याला जमीन गेली म्हणजे गड गेला आणि गड गेला म्हणजे ओळखच गेली. जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, मग भुदरगडच्या. बेळगावहून फौज आली, तिला आधी दाद दिली नाही. जनरल डेलामोट यांच्या फौजेने १३ ऑक्टोबरला सामानगड घेतला आणि १ डिसेंबरला पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून तोही घेतला. तटबंदी नंतर पाडण्यात आली. आज पन्हाळ्याच्या तटाची जी मोडतोड दिसते, तिच्यात काळाबरोबर या डिसेंबरचाही हात आहे.

औट्रम या मोहिमेत राजकीय अधिकारी म्हणून आला होता. बंड सावंतवाडीत पसरल्यावर मात्र त्याने हलक्या पायदळाची तुकडी स्वतःकडे घेतली आणि मनोहर-मनसंतोष गडांच्या भोवतालच्या रानात शिरला. ज्यांनी शिवापूरच्या बाजूने तो मुलूख पाहिला आहे, त्यांना हे काम काय असेल याची कल्पना येईल. दाट झाडी, अडवलेल्या वाटा आणि माथ्यावरून सुटणारे दगड व गोळ्या. इतर तुकड्या आठवडेच्या आठवडे अडून राहिल्या असताना तो पुढे सरकत राहिला. जानेवारी १८४५ मध्ये गड रिकामे झाले आणि फोंड सावंत तांबुळकर, त्यांची मुले आणि सावंतवाडीचे युवराज अण्णासाहेब हे गोव्याच्या हद्दीत उतरले. पोर्तुगिजांनी त्यांना आश्रय दिला आणि इंग्रजांची मागणी असूनही स्वाधीन केले नाही.

माझा धागालेखकांशी मतभेद इथे आहे. सिंधच्या अमीरांबद्दल ज्याला अन्याय दिसला, त्याला गडकऱ्यांच्या जमिनींबद्दल तो दिसू नये, याला मी उदारपणा म्हणणार नाही. अमीर हे राजे होते, त्यांच्याशी तह झाले होते. गडकऱ्यांशी कोणी तह केला नव्हता.

---

गिरणाकाठ (धागालेखक)

गडकरी_आजरा, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या मूळ विधानाला पुष्टीच देतो. औट्रमच्या दृष्टीने अन्याय म्हणजे दिलेला शब्द मोडणे. जिथे कागदावर शब्द होता तिथे तो पेटून उठे. जिथे फक्त वहिवाट होती तिथे तो लष्करी अधिकारी होता आणि तेवढाच होता. अर्थात भिल्लांचे हक्कही वहिवाटीचेच होते, आणि ते मान्य करण्याचे धोरण तिथे एल्फिन्स्टन यांनी आधीच आखून दिले होते. कोल्हापुरात तसे धोरण आखणारे कोणी नव्हते. अधिकाऱ्याच्या चांगुलपणाचा कितीसा भाग त्याचा स्वतःचा आणि कितीसा वरून आलेला, हे पाहायला ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत.

---

मांडवी_दरवाजा

मी बडोद्याचा असल्याने या भागाची वाट पाहत होतो. औट्रम १८४७ मध्ये बडोद्याचा रेसिडेंट झाला. त्या काळी दरबारात आणि सावकारी पेढ्यांत एक समज पक्का होता की पुरेसा पैसा ओतला तर मुंबई सरकारकडून हवा तो निकाल मिळवता येतो. या व्यवहाराला सगळे 'खटपट' म्हणत आणि हाच शब्द पुढे इंग्रजी सरकारी कागदपत्रांतही जसाच्या तसा गेला. रेसिडेन्सीतील नोकरच दरबारची गुपिते इकडून तिकडे आणि तिकडून इकडे विकत असत.

त्यातले एक प्रकरण हरिभक्ती या मोठ्या सावकारी पेढीचे. पेढीच्या मालकाची विधवा जोईताबाई हिची तक्रार अशी होती की पेढीचा कारभारी बाबा नाफडे याने तिचे मूल हिरावले, तिला डांबून ठेवले आणि पेढी गिळली. विधवेची फिर्याद वर्षानुवर्षे दाबली गेली, कारण ज्यांनी ती ऐकायची त्यांच्यापर्यंत दुसऱ्या बाजूचे हात पोचलेले होते. औट्रमने ती बाहेर काढली. ऑक्टोबर १८५१ मध्ये त्याने मुंबई सरकारला खटपटीवर जो विस्तृत अहवाल पाठवला, त्यात सरकारच्या ढिलाईबद्दल त्याने शब्द गिळले नाहीत. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांना मजकुरापेक्षा भाषा अधिक झोंबली आणि औट्रमला बडोदे सोडावे लागले. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी त्याला पुन्हा त्याच जागेवर नेमले.

या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. लाचखोरी उघड केल्याबद्दल ज्याची बदली होते, त्याची नियत तपासण्यापूर्वी बदली करणाऱ्यांची तपासावी, हे आजही लागू आहे.

---

कागदवाचक

मांडवी_दरवाजा यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी. डलहौसी यांनी त्याला परत नेमले ते केवळ न्याय म्हणून नव्हे. देशी दरबारांच्या गैरकारभाराचे पुरावे ज्याच्या हाती लागतात असा माणूस त्यांना हवा होता. त्याच वर्षाअखेर औट्रम लखनौला रेसिडेंट म्हणून गेला आणि त्याच्याकडून अवधच्या कारभारावर अहवाल मागवण्यात आला. नव्याने आलेल्या औट्रमने तो मुख्यतः आपल्या पूर्वीचा रेसिडेंट विल्यम स्लीमन याच्या कागदांवर बेतला. गंमत अशी की स्लीमनला अवधचा कारभार सुधारावा असे वाटत होते, मुलूख कंपनीने खिशात घालावा असे वाटत नव्हते. कागद स्लीमनचे, निष्कर्ष डलहौसींचा आणि सही औट्रमची.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी औट्रमने वाजिद अली शाह यांच्यासमोर तहाचा मसुदा ठेवला. वर्षाला बारा लाखांची नेमणूक घ्यावी आणि राज्य सोडावे, असा त्याचा सारांश. नबाबांनी मस्तकावरचा मंदील काढून औट्रमच्या हाती ठेवला. तह बरोबरीच्यांत होतात, आता आमच्याकडे सही करण्यासारखे काय उरले, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सही झाली नाही. तीन दिवसांनी अवध खालसा झाले आणि पहिला चीफ कमिशनर औट्रमच होता.

मीर रुस्तमसाठी नेपियरशी जन्माचे वैर घेणारा माणूस तो मंदील हातात घेऊन उभा आहे, या चित्राचा उलगडा मला अजून होत नाही.

---

सातमाळा

कागदवाचक, माझ्या मते उलगडा बडोद्यातच आहे. खटपटीविरुद्ध लढता लढता देशी दरबार म्हणजे सडकी व्यवस्था, हे त्याच्या मनात पक्के बसले असावे. सिंधमध्ये त्याला अमीर व्यक्ती म्हणून दिसले, लखनौत त्याला कारभार दिसला. बडोद्यात सडलेले टोक मुंबईच्या सचिवालयातही होते, हे ज्याने स्वतः लिहून ठेवले त्यालाच ते पाच वर्षांत विसरावे लागले.

---

गडकरी_आजरा

लखनौबद्दल धागालेखक बोलायला तयार दिसत नाहीत, म्हणून एकच गोष्ट विचारतो. सप्टेंबर १८५७ मध्ये इराणच्या मोहिमेवरून परतून तो कानपूरला पोचला तेव्हा लखनौ सोडवायला निघालेल्या फौजेचा सेनापती हॅवलॉक याच्यापेक्षा त्याचा हुद्दा मोठा होता. तरी त्याने सेनापतीपद हॅवलॉककडेच ठेवले आणि स्वतः स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाला. याला सगळे चरित्रकार त्यागाचा कळस म्हणतात. आपले मत काय?

---

गिरणाकाठ (धागालेखक)

मोठेपणाच आहे. हॅवलॉकने त्या वाटेवर उन्हाळाभर लढाया केल्या होत्या, लखनौ सोडवण्याचे श्रेय त्याचे होते, ते औट्रमने हिरावले नाही. पण लष्करीदृष्ट्या त्याने गोंधळ झाला, असेही म्हणता येते. वरिष्ठ माणूस सोबत घोड्यावर चालतो, सल्ला देतो, आणि हुकूम मात्र कनिष्ठाचा, अशी फौज चालवणे सोपे नसते. २५ सप्टेंबरला ते रेसिडेन्सीत शिरले ते अरुंद गल्ल्यांतून जबर हानी सोसून, आणि आत गेल्यावर सोडवायला आलेलेच वेढ्यात सापडले. कॉलिन कॅम्पबेल नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा सुटका झाली. हॅवलॉक त्याच महिन्यात आजाराने वारला आणि औट्रमने मार्च १८५८ पर्यंत सुमारे ४००० लोकांनिशी लखनौबाहेरचा आलमबाग धरून ठेवला.

मला लखनौतले त्याचे कागदावरचे काम अधिक लक्षणीय वाटते. मार्च १८५८ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी अवधच्या बहुतेक सर्व तालुकदारांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या, जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. औट्रमने त्याला हरकत घेतली. या लोकांना जमिनी परत मिळणार नसतील तर ते शेवटच्या माणसापर्यंत लढतील, आणि खालसा करतानाच्या जमाबंदीत त्यांच्यावर अन्याय झालाच होता, असे त्याने कळवले. शरण येणाऱ्यांना सवलतीचे आश्वासन देणारी भर त्यामुळे जाहीरनाम्यात पडली. दोन वर्षांपूर्वी तीच जमाबंदी सुरू झाली तेव्हा चीफ कमिशनर कोण होता, हे इथे पुन्हा सांगायला नको.

---

तापीतीर

उशिरा येत आहे. औट्रम आलमबागेत होता त्या काळात सातपुड्यात काय चालले होते, हेही या धाग्यात यायला हवे. आग्रा-मुंबई रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा कंपनीच्याच चाकरीतला भिल्ल नाईक होता. मध्यंतरी एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, चाकरी गेली, मग गरज पडल्यावर परत घेतले. १८५७ मध्ये तो भीमा नाईकांसह उठला आणि सेंधव्याच्या बाजूला सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली, तीत भिल्लांची मोठी हानी झाली आणि अनेक स्त्रियांनाही कैद करून नेले. तिकडे नाशिक-नगरच्या हद्दीवर भागोजी नाईक उठले. तेही पूर्वी पोलिसांत होते आणि त्यांनाही आधी तुरुंगवास झाला होता.

औट्रमची पलटण या धामधुमीत सरकारच्या बाजूने राहिली, हे त्याच्या कामाचे यश म्हणून सांगतात. खाज्या आणि भागोजी दोघेही चाकरीतून आलेले होते, हे त्याच वाक्यात सांगत नाहीत.

---

गिरणाकाठ (धागालेखक)

तापीतीर, आभार. भागोजी नाईकांचा प्रसंग नांदूर-शिंगोट्याजवळ ऑक्टोबर १८५७ मधला, ज्यात पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. नाईक स्वतः नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरला लढताना पडले. याच्या पुढच्याच वर्षी औट्रम प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पाउ येथे तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले. थडग्यावर 'हिंदुस्थानचा बेयार्ड' हीच पदवी कोरली आहे, म्हणजे ती देणाऱ्या नेपियरशी झालेल्या कायमच्या वितुष्टानंतरही तिच्याहून बरे काही त्याच्या मित्रांना सुचले नाही. आंबापाणी आणि खाज्या नाईक यांवर आपण स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती आहे. डांगच्या १८३० च्या मोहिमेबद्दल जे हाती आहे ते मी तिथे जोडेन.